हार्डवेअरच्या नावांचा ताळा आणि मापाची जबाबदारी : कारागीर व दुकानदारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक बांधकाम विभाग
मा. सचिव, पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग
मा. सचिव, कौशल्य विकास विभाग
मा. सचिव, मराठी भाषा विभाग
मा. नियंत्रक, वैध मापनशास्त्र
महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : हार्डवेअर वस्तूंच्या व्यवसायवार व प्रदेशवार नावांची अधिकृत ताळासूची तयार करणे, आणि नावाच्या घोटाळ्याचा भुर्दंड कारागीर व दुकानदार यांच्यावर टाकणे थांबवणे.

महोदय,

आमच्या संघटनेत सुतार, प्लंबर, वायरमन, फॅब्रिकेटर, गवंडी, गॅरेजमधले फिटर आणि या सर्वांना माल देणारे हार्डवेअर दुकानदार आहेत. ही माणसे एकाच इमारतीवर, एकाच दिवशी, पुष्कळदा एकाच दुकानातून माल उचलून काम करतात. त्यांची बोली मात्र एक नाही. त्यातून होणारे नुकसान आजवर प्रत्येकाने आपल्या खिशातून भरले. ते यापुढे भरले जाणार नाही.

एक बाब आधीच स्पष्ट करतो. वस्तूंची नावे सगळीकडे एकच असावीत, अशी आमची मागणी नाही. कोकणातला माणूस पारय म्हणतो, साताऱ्याकडचा पहार म्हणतो, नागपूरकडचा सब्बल म्हणतो. तिघांच्या हातात तेच लोखंड असते आणि तिघांचेही काम चालते. खोरे आणि फावडे यांचेही तसेच. या नावांना हात लावण्याचे कारण नाही.

आमची तक्रार दोन ठिकाणी आहे. पहिली, एकाच नावाखाली दोन-तीन वेगळ्या वस्तू येतात तिथे. दुसरी, मापाचे नाव कागदावर एक आणि बाजारात दुसरे असते तिथे. पहिल्या प्रकारात वस्तू चुकीची येते आणि ती लगेच कळते. दुसऱ्या प्रकारात वस्तू बरोबर दिसते, पण बसत नाही, किंवा बसते आणि टिकत नाही. ते कळेपर्यंत भिंत लिंपून झालेली असते.

एक नाव, अनेक वस्तू

'सॉकेट' म्हणजे प्लंबरच्या लेखी दोन नळ्या जोडणारा तुकडा. वायरमनच्या लेखी प्लग बसवायचा भिंतीवरचा पॉइंट. फिटरच्या लेखी नटावर बसणारी गोटी. "अर्ध्या इंचाची दहा सॉकेट पाठवा" असा निरोप आला, तर अर्ध्या इंची नळीचे सॉकेटही बरोबर ठरते आणि अर्ध्या इंची हँडलवर बसणारी गोटीही बरोबर ठरते. दुकानदार अंदाजाने माल देतो. अंदाज चुकला की दोष त्याचा.

'बोल्ट' म्हटले की सुताराला दाराला आतून लावायचा टॉवर बोल्ट हवा असतो आणि फॅब्रिकेटरला नट घेणारा आटेदार बोल्ट. बाहेरून कुलूप लावता येणारा अल्ड्रॉप काही गावांत 'कडी' होतो, काही गावांत तोही 'बोल्ट'च. भारतीय मानकांनी या वस्तू केव्हाच वेगळ्या केल्या आहेत : टॉवर बोल्टसाठी आयएस २०४, कुलूप घेणाऱ्या सरकत्या बोल्टसाठी आयएस २८१, कडी-कोयंड्यासाठी आयएस ३६३. म्हणजे वस्तूंची विभागणी करण्याचे अवघड काम झालेले आहे. त्या क्रमांकांना कारागिराच्या तोंडचे मराठी नाव जोडण्याचे सोपे काम राहिले आहे.

'चावी' कुलपाची असते. पाणीपुरवठ्यात चावी म्हणजे व्हॉल्व्ह, आणि म्हणूनच पाणी सोडणाऱ्याला चावीवाला म्हणतात. कारखान्यात चावी म्हणजे शाफ्ट आणि पुली यांच्या खाचेत ठोकायचा लोखंडी तुकडा. 'वायसर' नळात रबराचा असतो आणि बोल्टखाली पोलादाचा. 'अँगल' फॅब्रिकेटरला वजनावर मिळतो, प्लंबरला नगावर मिळतो, कारण त्याच्या डोक्यात अँगल कॉक असतो. 'पट्टी', 'बुश', 'क्लॅम्प', 'प्लग' यांची कथा वेगळी नाही.

टाकीत पाणी भरले की आपोआप बंद होतो तो बॉल कॉक. हाताने दांडी फिरवून नळी बंद करायचा तो बॉल व्हॉल्व्ह. ग्राहक, ठेकेदार आणि कधीकधी कार्यादेश लिहिणारा कारकूनही ही दोन नावे एकमेकांच्या जागी वापरतो. टाकीवरचे काम असेल तर कारागीर समजून घेतो. पण माल दुसऱ्याने आणून ठेवलेला असेल तर समजून घेऊन उपयोग नसतो, परत जावे लागते.

व्यवसाय आणि प्रदेश दोन्ही एकत्र आले की गुंता वाढतो. विदर्भात 'गिट्टी' म्हणजे पुणे-कोल्हापूरकडची खडी. वायरमन मात्र स्क्रू धरण्यासाठी भिंतीच्या भोकात ठोकायच्या प्लगला गिट्टी म्हणतो. एकाच कामावर गवंडी आणि वायरमन दोघेही गिट्टी मागतात. एकाची ट्रॉलीने येते, दुसऱ्याची पुडीने. 'रेती' मुंबई आणि विदर्भात वाळू असते, आणि उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कामगाराच्या हिंदीत कानसही असते. गुजराती बोलणारा दुकानदार बिजागरीला मिजागरा आणि स्क्रू ड्रायव्हरला डिसमिस म्हणतो. आमच्या वयस्क सभासदांना हे शब्द ओळखीचे आहेत, नव्यांना नाहीत. महाराष्ट्रातल्या बांधकामावर आज मराठी, हिंदी, गुजराती, कन्नड बोलणारी माणसे शेजारी उभी राहून काम करतात, आणि त्यांच्यामधला दुवा बहुतेक वेळा दुकानाच्या काउंटरवरचा एक पोऱ्या असतो.

मापाचे नाव आणि खरे माप

हा भाग आम्ही सविस्तर मांडतो, कारण पैशाचे आणि जिवाचे नुकसान इथे आहे.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. गणिताने दोन सूत ६.३५ मिमी, तीन सूत ९.५३ मिमी, चार सूत १२.७ मिमी होतात. पण सळईच्या बाजारात अडीच सूत म्हणजे ८ मिमी, तीन सूत म्हणजे १० मिमी, चार सूत म्हणजे १२ मिमी, पाच सूत म्हणजे १६ मिमी आणि सहा सूत म्हणजे २० मिमी, असा व्यवहार रुळलेला आहे. १२ मिमी सळईचे छेदाचे क्षेत्रफळ पुरत्या १२.७ मिमीपेक्षा सुमारे ११ टक्के कमी भरते. चार सुताचा हिशेब धरून अंदाज काढणारा आणि १२ मिमीचा नकाशा काढणारा अभियंता यांचे आकडे जुळत नाहीत, आणि जाब सेंटरिंगवाल्याला विचारला जातो. प्लायवूडमध्ये तोच 'सहा सूत' १८ मिमीलाही लावतात आणि १९ मिमीलाही. कपाटाची खाच १९ मिमीची पाडली आणि फळी १८ची आली, तर ती हलते. ग्राहक सुताराच्या हाताला नाव ठेवतो.

नळीचे प्रकरण याहून अवघड आहे. जीआय नळीला 'अर्धा इंची' म्हणतात, कागदावर ती १५ मिमी असते, आणि आयएस १२३९ प्रमाणे तिचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी भरतो. या नळीला आतून-बाहेरून कुठेही मोजपट्टी लावा, अर्धा इंच सापडत नाही. ते निव्वळ नाव आहे. सीपीव्हीसीची अर्धा इंची नळी बाहेरून १५.९ मिमीची. पाऊण इंचाला कागदावर २० मिमी म्हणतात : जीआयमध्ये तिचा बाहेरचा व्यास २६.९ मिमी, सीपीव्हीसीमध्ये २२.२ मिमी. आणि आयएस ४९८५ च्या पीव्हीसी नळीत २० मिमी हा आकडा थेट बाहेरच्या व्यासाचा असतो, म्हणजे तिथे २० म्हणजे खरोखर २०.

'२० मिमी नळी' या एका नोंदीखाली अशा तीन नळ्या येतात आणि त्यांची फिटिंग एकमेकांना लागत नाहीत. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली तेव्हापासून गावोगाव नळजोडणीची कामे निघाली. त्या कामांवर जुनी जीआय, नवी पीव्हीसी आणि घरातली सीपीव्हीसी एकाच चौरस फुटात भेटतात. ग्रामपंचायतीच्या मागणीपत्रात नुसते '२० मिमी एल्बो' लिहिलेले असते. तालुक्याच्या दुकानातून आणलेले एल्बो वाडीवर पोचल्यावर बसत नाहीत. जाण्यायेण्याचा दिवस प्लंबरचा जातो.

वायरीत आजही ३/२२, १/१८, ७/२० ही नावे चालतात. पहिला आकडा तारांची संख्या, दुसरा गेज. २२ गेजच्या तीन तारांचे क्षेत्रफळ सुमारे १.१९ चौरस मिमी होते. कंपनीच्या वेष्टनावर मात्र १ किंवा १.५ चौरस मिमी असते. ३/२२ मागितले की एक दुकानदार १ देतो, दुसरा १.५ देतो, आणि दोघांनाही आपले बरोबर वाटते. गिझर किंवा मोटारीच्या पॉइंटवर कमी जाडीची वायर गेली तर ती तापते. हा बोलण्यातला फरक म्हणून सोडून देता येणार नाही.

आणखी एक घोटाळा पुन्हा दोन व्यवसायांमधला. गॅरेजमध्ये 'दहाचा बोल्ट' म्हणजे दहाच्या पान्याने खोलणारा, म्हणजे एम ६. फॅब्रिकेटरकडे दहाचा बोल्ट म्हणजे एम १०, आणि त्याला पाना लागतो १७ किंवा १६चा. एकाचा व्यास ६ मिमी, दुसऱ्याचा १०. त्यात बाजारात इंची बोल्ट अजून आहेत : अर्धा इंची बोल्टला एका इंचात १२ आटे, तर एम १२ ला प्रत्येक १.७५ मिमीवर एक आटा. नट दोन फेरे जातो आणि अडकतो. घाईत असलेला माणूस पान्याने जोर लावतो आणि दोन्ही आटे मारतो. गेजचा नंबर वाढला की तार बारीक होते, लाकडी स्क्रूचा नंबर वाढला की स्क्रू जाड होतो. हे शिकाऊ मुलाला कोणत्या कागदावरून सांगायचे?

'ब्रास' हे खास आपल्याकडचे माप. वाळू-खडीत ते १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. फरशी-प्लास्टरच्या कामात ते १०० चौरस फूट, म्हणजे ९.२९ चौरस मीटर. आणि प्लंबरच्या यादीत 'ब्रास' लिहिले असेल तर ते पितळ. तिन्ही अर्थ एकाच अंदाजपत्रकात येऊ शकतात.

भुर्दंड आज कोण भरतो

कापलेली नळी, सोल्व्हंट लावलेले फिटिंग, आटे पाडलेला तुकडा दुकानदार परत घेऊ शकत नाही, कारण त्याच्याकडून घाऊक व्यापारी घेत नाही. कारागिराची मजुरी ठरलेल्या कामाची असते, हेलपाट्याची नसते. सरकारी कामावर मोजमाप पुस्तिकेतले वर्णन आणि बसवलेली वस्तू यांची नावे जुळली नाहीत तर देयक अडते, वस्तू मापाला बरोबर असली तरीही. चूक ज्याने मोघम लिहिले त्याची, आणि नुकसान ज्याने वाचले त्याचे, ही व्यवस्था अन्यायाची आहे.

कायदा आणखी एका बाजूने आवळतो. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ च्या कलम ११ प्रमाणे किंमत, बिल, लेबल यांवर प्रमाण मापांखेरीज दुसरे माप लिहिता येत नाही. तत्त्व आम्हाला मान्य आहे. पण ग्राहक सुतात आणि इंचात मागतो, दुकानदाराने मिमीत बिल करायचे, आणि 'पाच सूत म्हणजे किती' हे सांगणारा एकही अधिकृत तक्ता त्याच्या हाती नाही. रूपांतराची जबाबदारी त्याच्यावर आहे, रूपांतराचा आधार मात्र नाही.

मागण्या

१. अधिकृत ताळासूची. राज्य शासनाने हार्डवेअर वस्तूंची एक ताळासूची तयार करावी. प्रत्येक नोंदीत वस्तूची आकृती, मिलिमीटरमधली मापे, लागू असेल तिथे आयएस क्रमांक, एचएसएन क्रमांक, प्रत्येक व्यवसायातले मराठी नाव, प्रदेशातली नावे आणि कामावर चालणारे हिंदी नाव असावे. एकच नाव दुसऱ्या वस्तूलाही लागत असेल, तर तसा इशारा त्याच नोंदीत असावा; आमच्या दृष्टीने सूचीतला सर्वांत उपयोगी रकाना तोच. पहिल्या टप्प्यात रोजच्या विक्रीतल्या २०० वस्तू घ्याव्यात आणि तो टप्पा ६ महिन्यांत पुरा करावा.

एचएसएन क्रमांकाने काम भागत नाही, हे इथेच नोंदवतो. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंत उलाढाल असणारा दुकानदार व्यापाऱ्याच्या बिलावर चार अंकी आणि त्यावरचा सहा अंकी क्रमांक लिहितो. चार अंकांत ८३०२ खाली बिजागरीही येते, हँडलही येते, टॉवर बोल्टही येतो. कर आकारण्यासाठी ते पुरेसे आहे, दार बसवण्यासाठी नाही.

सूचीसाठी एक अट आम्ही ठामपणे घालतो : नवे शब्द घडवू नयेत. भाषा संचालनालयाने अभियांत्रिकीसह अनेक विषयांचे परिभाषा कोश काढले, त्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. पण ते कोश अभ्यासकासाठी आहेत. कामावर उभ्या माणसाला त्याच्या तोंडचा शब्दच हवा. चावी, बिजागरी, मारतूल हे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि मराठीच झाले. सॉकेट, एल्बो, वायसर हेही आमचे शब्द आहेत. रंधा, पटाशी, किंकरे, वाकस, गुण्या, खतावणी, सामता, ओळंबा हे तर सुताराच्या आणि गवंड्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या वापरात आहेत. सूचीत हे सर्व शब्द मानाने यावेत. कोणत्याही प्रदेशाचे नाव 'अशुद्ध' किंवा 'ग्राम्य' म्हणून कंसात टाकू नये.

२. समिती आणि तिची घडण. सूची करणाऱ्या समितीत १५ सदस्य असावेत. त्यांपैकी ८ प्रत्यक्ष काम करणारे कारागीर आणि दुकानदार असावेत, उरलेले अभियंते, भाषातज्ज्ञ, आयटीआयचे निदेशक आणि वैध मापनशास्त्राचा प्रतिनिधी. कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर या सहाही महसुली विभागांत समितीची किमान एक बैठक व्हावी, आणि ती विभागीय आयुक्तालयाच्या सभागृहाऐवजी आयटीआयच्या कार्यशाळेत व्हावी, म्हणजे वस्तू टेबलावर ठेवून बोलता येईल. सिंधुदुर्गातले आमचे सभासद गोव्यात रोज कामाला जातात. तिकडची नावे त्यांच्याकडून घ्यावीत.

बैठकीला येणाऱ्या कारागिराचा दिवसाचा रोजगार बुडतो. पगारी अधिकारी आणि बिनपगारी कारागीर एका टेबलाशी बसवणे बरोबर नाही. त्याला कुशल कामगाराच्या किमान वेतनाइतका दैनिक भत्ता आणि प्रवासखर्च त्याच दिवशी मिळावा.

३. मापांचा रूपांतर तक्ता. वैध मापनशास्त्र यंत्रणेने ९० दिवसांत एक तक्ता प्रसिद्ध करावा. त्यात सळई, प्लायवूड, नळी, वायर, बोल्ट, स्क्रू आणि ब्रास यांच्यासाठी बाजारातले नाव, गणिताने येणारे माप आणि मान्य प्रमाण माप असे तीन रकाने असावेत. नळीच्या प्रत्येक प्रकारासाठी बाहेरचा व्यास वेगळा छापावा. या तक्त्याप्रमाणे बिल करणाऱ्या दुकानदाराने कलम ११ चे पालन केले, असे धरले जावे. तक्ता एका पानाचा असावा आणि दुकानात लावता यावा. ही मागणी बाकीच्यांची वाट पाहत थांबवण्याचे कारण नाही. आकडे मानकांत आहेतच.

४. दरसूची, अंदाजपत्रक, कार्यादेश. सार्वजनिक बांधकाम विभागाची आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची दरसूची हा बाकी सगळ्या कागदांचा पाया आहे. पुढच्या आवृत्तीपासून हार्डवेअरच्या प्रत्येक बाबीसमोर ताळासूचीचा क्रमांक द्यावा. सूची होईपर्यंत, येत्या आर्थिक वर्षापासून, कोणताही कार्यादेश नुसत्या नावावर निघू नये. वस्तूचे नाव, पदार्थ, मिमीमधले माप आणि आयएस क्रमांक या चारही गोष्टी त्यात असाव्यात. नळीच्या बाबतीत 'बाहेरचा व्यास' किंवा 'नाममात्र व्यास' यांपैकी कोणता, हे लिहिणे सक्तीचे करावे. ग्रामपंचायतींसाठी एक छापील नमुना पुरेल. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने रकाने भरले की काम झाले.

५. नुकसानीची जबाबदारी. ही आमची मुख्य मागणी आहे. शासकीय आणि निमशासकीय कामांच्या करारात पुढील तरतूद घालावी.

मागणी लेखी असेल आणि वरील चारही गोष्टी त्यात असतील, तर चुकीचा माल आणण्याची जबाबदारी आणणाऱ्याची. ती आम्ही विनातक्रार घेऊ.

मागणी तोंडी किंवा मोघम असेल, तर न बसलेल्या मालाची किंमत, वाहतूक आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी मागणी करणाऱ्याने द्यावी.

न वापरलेला, न कापलेला माल ७ दिवसांत कपातीशिवाय परत घेतला जावा आणि घाऊक व्यापाऱ्यालाही ती अट लागू असावी. दुकानदाराला मधेच अडकवून ही तरतूद चालणार नाही.

वस्तू मापाने आणि मानकाने बरोबर असेल, तर केवळ नाव वेगळे आहे म्हणून देयक अडवू नये.

खासगी कामांवर शासन असा करार लादू शकत नाही, हे आम्हाला कळते. तिथे आमचे सभासद स्वतःच्या पावतीपुस्तकावर हीच कलमे छापतील.

६. आयटीआय आणि परीक्षा. प्रशिक्षणाची पुस्तके चेन्नईच्या 'निमी' संस्थेकडून येतात आणि ती देशभरासाठी असतात. त्यांत लातूरच्या किंवा भंडाऱ्याच्या बाजारातले नाव असण्याची अपेक्षा नाही. म्हणून राज्याने ताळासूचीची प्रत प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला पहिल्याच महिन्यात द्यावी. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत स्थानिक नाव वापरणाऱ्या मुलाचे गुण कापू नयेत. प्लंबिंगच्या मुलाला वायरमनची आणि वायरमनच्या मुलाला सुताराची शंभरेक नावे माहीत असावीत, यासाठी वर्षात दोन दिवसांचे एकत्र सत्र घ्यावे. कामावर गेल्यावर त्यांना एकमेकांशीच बोलायचे आहे.

७. वेष्टनावरचे मराठी नाव. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे वेष्टनावर वस्तूचे सामान्य नाव हिंदीत किंवा इंग्रजीत असावे लागते आणि त्यासोबत इतर भाषा वापरायला मुभा आहे. म्हणजे मराठी नाव छापायला आजही अडचण नाही. राज्याने आपल्या खरेदीच्या निविदांमध्ये मराठी नाव आणि ताळासूची क्रमांक ही अट घालावी, आणि नियमात तशी सुधारणा करण्याची शिफारस केंद्राकडे पाठवावी.

८. इतर योजनांशी जोड. पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यांत सुतार, लोहार, गवंडी, कुलूप कारागीर येतात, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. महाराष्ट्रातल्या लाभार्थ्याला दिल्या जाणाऱ्या अवजारांच्या यादीवर मराठी नावे असावीत.

खर्चाबद्दल

या मागण्यांत नवी इमारत, नवे पद, नवे महामंडळ नाही. मानके छापलेली आहेत, विभागांकडे अभियंते आहेत, आयटीआयकडे कार्यशाळा आहेत. खर्च आहे तो बैठकांचा, आकृत्यांचा आणि छपाईचा. तो संबंधित विभागांनी वाटून घ्यावा. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी गोळा होणाऱ्या एक टक्का उपकरातून तो करू नये. तो पैसा कामगाराच्या आजारपणाचा, मुलांच्या शिक्षणाचा आणि सुरक्षेचा आहे.

संघटनेच्या बाजूने आम्ही तीन गोष्टी देऊ. पहिल्या टप्प्यातल्या २०० वस्तूंचे नमुने आमचे दुकानदार सभासद विनामूल्य पुरवतील. प्रत्येक विभागातून जाणकार कारागीर आम्ही पाठवू. ते ज्या पिढीकडून काम शिकले, तिच्यातली माणसे आता थोडी उरली आहेत आणि त्यांच्या तोंडचे शब्द आत्ताच उतरवून घेतले पाहिजेत. सूचीवर आम्ही कोणताही हक्क सांगणार नाही. बदल्यात शासनानेही ती सर्वांना मोफत आणि कायम खुली ठेवावी, तिच्यात भर घालण्यासाठी दर दोन वर्षांनी समिती बोलवावी.

मुदत

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत सर्व विभागांच्या प्रतिनिधींसह एकत्र बैठक लावावी. बैठकीत निर्णयाचा अधिकार असलेला अधिकारी हजर असावा, आणि इतिवृत्त ७ दिवसांत आम्हाला मिळावे. मागणी ३ आणि मागणी ५ यांवरचा निर्णय त्याच बैठकीत व्हावा. उरलेल्या मागण्यांसाठी आम्ही वर दिलेल्या मुदतींपर्यंत थांबायला तयार आहोत.

३० दिवसांत बैठक लागली नाही, तर त्यानंतरच्या पहिल्या सोमवारपासून आमचे सभासद शासकीय, जिल्हा परिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या कोणत्याही कामासाठी तोंडी मागणीवर माल देणार नाहीत आणि बसवणार नाहीत. नाव, पदार्थ, मिमीमधले माप आणि आयएस क्रमांक यांपैकी एखादी जरी गोष्ट नसलेला कार्यादेश, काय कमी आहे ते त्यावर लिहून, पोच घेऊन परत केला जाईल. पिण्याच्या पाण्याची गळती, रुग्णालये आणि वीजपुरवठ्याची तातडीची दुरुस्ती यांना हा नियम लागू नसेल. ती कामे आम्ही थांबवणार नाही. नेमून दिलेले माप हातात पडले की त्याच दिवशी माल निघेल.

आपले,
अध्यक्ष, सरचिटणीस आणि कार्यकारिणी सदस्य
(सुतार, प्लंबर, वायरमन, फॅब्रिकेटर, गवंडी, फिटर व हार्डवेअर दुकानदार यांच्या वतीने)

सोबत : १. वादात येणाऱ्या वस्तूंच्या नावांची प्राथमिक यादी. २. मागणी ४ प्रमाणे कार्यादेशाचा नमुना. ३. मागणी ५ मधील कलमांचा मसुदा.